आईच्या ताटातला भात

आईच्या आतड्यात गाठ निघाली. हृदय कमजोर असल्यामुळे शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी लगेच तिच्या जेवणाचं विचारलं. आमच्या हातात तेवढंच उरलं होतं. गाठीमुळे आतड्यातली वाट अगदी अरुंद झाली होती. ती बंद पडली नाही, तर आई घरी राहणार होती. पडली, तर हॉस्पिटल.

डॉक्टरांनी नीट समजावलं. भातातल्या पिष्टाची शेवटी साखर होते. ते काम तोंडातल्या लाळेपासून सुरू होतं, लहान आतड्यात पुरं होतं आणि साखर रक्तात जाते. मागे फारसं उरत नाही. ज्वारीचा कोंडा, मेथीच्या काड्या, हरभऱ्याची सालं मात्र आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्यातलं थोडंफार खातात, त्याचा वायू होतो, आणि उरलेला चोथा तसाच पुढे सरकतो. धडधाकट माणसाचं पोट त्यानंच साफ राहतं. आईच्या पोटात त्याला जायला जागा नव्हती.

मी यादी करून फ्रिजवर चिकटवली. चालेल: पांढरा भात, वरणाचं गाळलेलं पाणी, ताक, सोलून उकडलेला बटाटा. चालणार नाही: भाकरी, पालेभाज्या, उसळी, शेंगाचटणी. लिहिताना लक्षात आलं, दुसऱ्या यादीत आमचं जवळजवळ सगळं स्वयंपाकघर होतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात भात म्हणजे जेवणाच्या शेवटी घ्यायचे दोन घास, नाहीतर तापातलं खाणं. आता आईला तो दोन्ही वेळा होता. ती मुकाट्यानं खायची आणि ताट सारताना म्हणायची, "झालं. आता जेवायला वाढ."

बार्शीहून मावशी मदतीला आली. आईची धाकटी बहीण. येताना सवयीनं कडक भाकऱ्यांची चवड घेऊन आली. आईचं ताट बघून ती दारातच थांबली.

"अक्काला भाताव ठिवलंय? अंगात ताकद कुटनं यायची?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मावशी. चोथा चालत नाही."

"तुज्या डॉक्टरला भाकरी कशाशी खात्यात ठावं हाय का? सगळं जग कोंडा खावा म्हणतंय. टीव्हीवर बी तेच. हिलाच तेवढा बाधतोय व्हय?"

मी यादी वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली, मान डोलावली. मी निर्धास्त होऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

माझ्या मागे मावशीनं कडक भाकरी कुस्करून आमटीत घातली आणि चांगली भिजू दिली. भिजली, मऊ झाली, म्हणजे पोटाला हलकी झाली, असा तिचा हिशोब. आमच्याकडे दात पडलेल्या सगळ्यांना अशीच देतात. पण कोंडा भिजून मऊ होतो, पचत नाही.

संध्याकाळी आईचं पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलमध्ये तिच्या नाकातून नळी घातली. मावशी बाहेर बाकावर बसून होती. तिला काय काय सुनवायचं, हे माझं ठरलं होतं. मी निघाले तसा आईनं माझा हात धरला.

"तिला बोलू नगंस. मीच मागितली."

मी परत तिच्या खाटेशी बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "लई दिवसांनी जेवल्यासारखं झालं."

वाट थोडी मोकळी झाली आणि आम्ही आईला घरी आणलं. आता भातही बंद, फक्त पातळ. मावशी बार्शीला परत गेली नाही. पेज तीच करते, फडक्यातून दोनदा गाळते, आणि फडकं पिळताना माझ्याकडे बघत नाही. आई देऊ तेवढी पिते. आणखी काही हवं का, म्हणून मी रोज विचारते. ती नको म्हणते. मागणं तिनं सोडून दिलं आहे.