बिंबलाचा रस

बिंबलकाकीच्या हाताला सदा आंबट वास यायचा. तिने गालावरून हात फिरवला की आधी दात आंबायचे आणि मग माया कळायची. हळर्णला आमच्या शेजारीच तिचं घर आणि घरामागे बिंबलाचं झाड, बोटाएवढी हिरवी फळं खोडालाच लगडलेली. इतर बायका ती आमटीत घालत. काकी ती चिरून पितळेवर फिरवी आणि काळवंडलेली समई बघता बघता पिवळीधमक होई. गणपतीची चवथ जवळ आली की वाड्यावरच्या बायका आपापली बिंबलं तिच्याकडूनच नेत.

दुकानातल्या साबणावर तिचा राग नव्हता, पण त्याला तिने घरचा मात्र कधी मानला नाही. "साबू सोयऱ्यांक. घराक झाडावयलां पुरे," म्हणायची. कपड्यांना रिठ्याचं पाणी, जनेलांच्या म्हणजे खिडक्यांच्या काचांना लिंबाची साल, आणि भांड्यांना नारळाच्या सोडणावर घेतलेली राख. ती राख जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि चिमूटभर चक्क जिभेवर ठेवायची. "जिभेक खरखरता ती भांड्याक नाका." मला शिसारी यायची, आणि माझं तोंड बघून तिला हसू आवरायचं नाही.

गोवा घटक राज्य होण्याआधीची ती वर्षं. संध्याकाळी काकांच्या ओसरीवर पुरुषमंडळी मराठी की कोकणी म्हणून हमरीतुमरीवर येत. आवाज फारच चढले की काकी दारात येऊन शांतपणे विचारी, "च्या खंयच्या भाशेन हाडू?" सगळे हसत. चहा येई आणि घटकाभराने वाद पुन्हा पेटे.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. काकी इब्रामपूरहून आली आणि सुमित्रा झाली. माहेरचं नाव उरलं ते वडिलांनी दिलेल्या पितळी तांब्यावर, टिंबाटिंबांनी ठोकून घातलेलं, आता पुसट झालेलं. या एका तांब्याला राख लागत नसे. नुसता बिंबलाचा रस लावायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि पाणी ओतायचं. "घासलंय तर झिजतलां गो. हंयसर त्या नावान माका कोण हाक मारता? ह्यो तांब्योच." हे ती हसत सांगायची, म्हणून मला ते गमतीचं वाटायचं.

एका चवथीला काकी तापाने पडली. शेजारधर्म म्हणून माझी आई तिची भांडी घासायला बसली. आईला नव्याचा फार सोस. म्हापशाहून आणलेली पावडर आणि तारेची घासणी घेऊन तिने सगळं पितळ असं लखलखवलं की बघत राहावं. काकी भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. तिने तांब्या उचलला, खिडकीकडे नेला, हळूहळू फिरवला. मग अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. अक्षरांच्या जागी गुळगुळीत पितळ होतं.

"बरो उजाळलो गो," ती आईला म्हणाली, आणि तांब्या फळीवर पालथा ठेवला. आईला तिने कधीच कळू दिलं नाही. पण पुढच्या चवथीला तिने तो इतर भांड्यांबरोबर राखेने घासायला घेतला.

माझं लग्न ठरलं. नवं नाव सासरच्यांनी आधीच निवडून ठेवलं होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहायचं तेवढं बाकी. सकाळी चुडे भरण्याआधी काकी पदराखाली काहीतरी घेऊन आली. डिचोलीच्या कासाराकडून घडवून आणलेला पितळी तांब्या. त्यावर 'नलिनी'.

"खोल घाल म्हणान सांगलंय त्येका," ती म्हणाली. "तरी पण राख लावू नको. आनी हां नलू, तुज्या आवशीक दिवू नको घासूक." दोघी हसलो, आणि हसता हसता रडलो.

सासरी मी मृणाल झाले. चांगली माणसं आहेत, तक्रार नाही. आई गेल्यावर मला नलू म्हणणारी काकीच उरली होती. माहेरी गेले की ती परसातूनच हाक मारायची. ती हाक ऐकायलाच मी जात होते, हे ती गेल्यावर कळलं. तिच्या मुलाने घर वाढवताना झाडही काढलं.

आता बिंबलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणते. दर चवथीला तांब्याला रस लावते, थांबते, पाणी ओतते. मग अंगठा फिरवते. अक्षरं अजून हाताला लागतात. काकीची मात्र आता कुठेच लागणार नाहीत, म्हणून मी ती इथे लिहिते आहे. तिचं नाव शेवंती होतं.