आईंच्या प्रार्थनेची वही

रविवार, उपासनेनंतर, दुपारी साडेबारा. हजर: माझे यजमान, चिकलठाण्याचे धाकटे दीर, हर्सूलच्या नणंदबाई, चहाला थांबलेले पाळकसाहेब आणि मी. गैरहजर: सासूबाई. घरच्या बैठकीला त्या नाहीत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना जाऊन महिना झाला होता.

विषय तीन. त्यांच्या साड्या आणि चर्चमधल्या तिसऱ्या बाकावरची त्यांची उशी, हे दोन पाव तासात उरकले. उशी नणंदबाईंनी मागायच्या आधीच पिशवीत घातली होती. अडलो ते वहीपाशी.

तपकिरी कव्हरची, शाळेची दोनशेपानी वही. आई रोज पहाटे ज्यांच्यासाठी प्रार्थना करायच्या त्यांची यादी तिच्यात होती. नावं नाहीत, देवाला माणूस कळतो, असं त्यांचं म्हणणं. ‘दूधवाला – गुडघा.’ ‘शेजारीण – भाडेकरू.’ ‘रिक्षावाला – वेग.’ ओळीवर बोट ठेवायचं, डोळे मिटायचे, मग पुढची ओळ. दीड तास लागायचा. नव्वदीपर्यंत त्यांची उपासना चुकली ती दोनदाच, दोन मुलग्यांच्या बाळंतपणांत. नणंदबाई सोमवारी जन्मल्या, त्यामुळं पुढच्या रविवारी आई बाळासकट बाकावर हजर. लाडकी लेक ती तेव्हापासूनच, असं दीर अजून म्हणतात.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी एकच मागितलं होतं: “वही बंद पडू देऊ नका.” मागं कोण पाहणार, याचाच त्यांना घोर होता.

“माझ्याकडं नेमकं पहाटेच नळाला पाणी येतं,” नणंदबाई म्हणाल्या.

“मला कारखान्यात पहिली पाळी असते,” दीर म्हणाले.

यजमानांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं. “माझी स्वतःचीच यादी लांब आहे हो.”

मग सगळे माझ्याकडं वळले. “घरच्या सगळ्या याद्या तुम्हीच करता की, वहिनी,” दीर म्हणाले.

पण या यादीला मी एकदा हात लावला होता आणि पस्तावले होते. आईंना अक्षर दिसेना, म्हणून मी ती वही टाइप केली, मोठ्या अक्षरांत. टाइप करता करता झालेली कामं काढून टाकली आणि सुटसुटीत दोन पानं औरंगपुऱ्यातून छापून आणली. आईंनी भिंग लावून ती वाचली.

“दूधवाला कुठं गेला?”

“त्याचा गुडघा बरा झाला, आई.”

“बरा झाला हे तू ठरवलं. त्यानं सांगितलं का?”

त्यांचा नियम तेव्हा मला कळला. चर्चमधल्या माणसानं उपासनेत उभं राहून आभार मानले, की त्याची ओळ खोडायची. बाहेरच्यानं दारात येऊन सांगितलं तरी चालेल. तोवर ओळ चालू. दुसऱ्या दिवशी मीच दूधवाल्याला आत बोलावलं. “अम्मा, घुटना एकदम ठीक है,” तो म्हणाला आणि चार पायऱ्या चढून-उतरून दाखवल्या. आईंनी पट्टी घेऊन ओळीवर रेघ मारली. माझ्या छापील पानांवर त्यानंतर भाजी निवडली गेली.

“मला ते जमायचं नाही,” मी बैठकीत म्हणाले, आणि किती ओळी उरल्यात ते तरी बघावं म्हणून वही उघडली. पहिल्याच पानावर, पहिलीच ओळ: ‘मोठी सून – घाई.’

यजमान हसायला लागले. “ही ओळ तर प्रत्येक वहीत असते. वही संपली की नव्या वहीत आई ती पहिली उतरवायची.”

म्हणजे लग्नापासून, रोज पहाटे, सगळ्यांच्या आधी माझ्यावर बोट. आणि मी ती वही टाइप करताना थेट दुसऱ्या पानापासून सुरुवात केली होती. पहिलं पान नाव-पत्त्याचं असणार, असं धरून.

वही मी घेतली. पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थना करून बैठक संपवली. कोणी मत बदलायच्या आत, असा मला संशय आहे.

आता पहाटे मी बसते. पहिल्या दिवशी एक तास लागला. परवा पस्तीस मिनिटांवर आणलं आणि ते अभिमानानं यजमानांना सांगितलं. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

गेल्या महिन्यात तीन ओळींवर रेघा मारल्या, रिक्षावालाही त्यात आला. साड्या वाटून झाल्या. एका रविवारी उपासनेत उभं राहून माझ्या ओळीबद्दल आभार मानायचे, ते तेवढं राहिलंय.