शिवणबाईंनी उचललेली जीप

शिवणबाईंना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. गेली पस्तीस वर्षं त्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवत होत्या. आठशेएक मुलींना त्यांनी सरळ शिलाई मारायला शिकवलं होतं, आणि त्यातल्या निम्म्या अजून त्यांना घाबरून होत्या. नवरा गाड्यांचा मिस्त्री; त्याला सगळे उस्ताद म्हणत. पुढे शिलाई यंत्राची खडखड, मागच्या अंगणात हातोडीची ठणठण, असा दोघांचा संसार. दुपारी मुली गेल्या की बाई अंगणात जायच्या आणि गाडीखालून बाहेर आलेल्या हातात मागेल तो पाना ठेवायच्या. पुढेपुढे तर मागायच्या आधीच ठेवू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी उस्तादांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, पण थरथर काही गेली नाही. एकदा गिऱ्हाइकादेखत एकच नट तीन वेळा हातातून निसटला. चौथ्यांदा उस्तादांनी तो उचललाच नाही. आत आले, हात धुतले आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. त्यांची स्वतःची जुनी जीप अंगणात धूळ खात पडली. खडकाळ रस्त्यावर पोट घासू नये म्हणून तिला दोन इंच उंच करायचं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी हौसेनं आणलेल्या चार नव्या स्प्रिंगा पलंगाखाली खोक्यातच राहिल्या.

आणि एका शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं, "रविवारी एक जण येतोय. जीप विकून टाकतोय मी."

जीप गेली की हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे बाईंना लख्ख दिसलं. जीपशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना त्यांचा नवरा परत हवा होता, फटकळ, हट्टी, होता तसाच. रडूनभेकून तो उठणार नाही, हेही त्या जाणून होत्या. उस्तादांना जागचं हलवील अशी एकच गोष्ट जगात होती, ती म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी गाडीचं काम चुकीचं करणं.

शनिवारी सकाळी बाईंनी बाह्या सरसावल्या. जीप खिडकीच्या बरोबर समोर होती. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकनं उचलली, खाली टेकू म्हणून लोखंडी घोडे दिले. इथवर सगळं चोख. मग त्यांनी हवेत लोंबणाऱ्या चाकाचे नट सोडवायला घेतले. हँडब्रेक मुद्दामच ओढला नव्हता. नट सुटेना, चाकच गरगर फिरलं.

"अगं, काय चाललंय?" खिडकीतून आवाज आला.

"चाक काढतेय. तुम्ही बसा."

चाकानं आणखी एक गिरकी घेतली.

"अगं, आधी नट सैल करायचे, मग गाडी उचलायची! इतकी वर्षं काय डोळे मिटून पाने देत होतीस?"

"मग इथे येऊन नीट सांगा. तिथलं मला ऐकू येत नाही."

बाईंचे कान ठणठणीत होते. उस्ताद खुर्चीसकट अंगणात आले.

आणि मग जे सुरू झालं ते काय विचारता! "असं नाही, तसं." "जोर लाव, ते काय काज-बटण आहे?" त्यावर बाई म्हणाल्या, "काज-बटण तुम्ही एक तरी करून दाखवा." गंजलेला बोल्ट हलेना तेव्हा त्या चक्क पान्याच्या दांड्यावर उभ्या राहिल्या, आणि उस्ताद दोन वर्षांत पहिल्यांदा खो-खो हसले. धक्के झेलणारे शॉकअप खालून सुटले. आता दोन्ही चाकं जोडणारा, दुसऱ्या जॅकवर तोललेला अॅक्सल हळूहळू उतरवायचा, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण जाऊन ती मोकळी होणार.

"घे खाली. अजून. अजून," उस्ताद खुर्चीतून सांगत होते. "का थांबलीस?"

"ब्रेकची नळी ताणलीय."

"काही होत नाही. घे खाली."

"नाही घेणार. तुटायच्या आधी दोरा कसा दिसतो, ते मला कळतं."

उस्ताद कुरकुरत ओणवे झाले आणि मान घालून बघू लागले. रबरी नळी खरोखरच तंग झाली होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आधी तिला धरणारी पट्टी सोड."

उस्तादांच्या तोंडून 'बरोबर आहे' हे शब्द आजवर हाताखालच्या एकाही माणसानं ऐकले नव्हते. बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. हात काळे झालेले, त्यामुळे पुसता येईनात.

पट्टी सुटली, अॅक्सल उतरला, जुनी स्प्रिंग हातानं अलगद निघाली. नवीचं टोक बाईंनी खालच्या बैठकीच्या खाचेत नेमकं बसवलं. जेवणाआधी मागच्या दोन झाल्या, जेवणानंतर पुढच्या दोन. चार वाजता जीप चारही चाकांवर उभी राहिली, चांगली दोन इंच उंच.

"आता शेवटचे बोल्ट," उस्ताद म्हणाले. "हे गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळलं जातं."

लांब दांड्याचा तो खास पाना त्यांनी उचलला, ठरलेला जोर लागला की टक् करून सांगणारा. बाईंनी हात पुढे केला. उस्तादांनी पाना दिला नाही.

ते खाली बसले. पाना बोल्टवर बसेना. एकदा घसरला, पुन्हा घसरला. बाईंनी पान्याचं तोंड दोन बोटांनी बोल्टवर धरून ठेवलं, सुईखाली कापड धरतात तसं.

"ओढा," त्या म्हणाल्या.

थरथर बोटांत होती, खांद्यात नव्हती. उस्तादांनी ओढलं. टक्. मग पुढचा. दोघांनी मिळून एकूण एक बोल्ट आवळला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. जीपभोवती फिरलं, वाकून खाली पाहिलं. "हे काम कुठे केलंत हो? माझी गाडी दुसरीकडे उंच करून घेतली, तर ती आता सरळ चालतच नाही."

परक्यांसमोर उस्तादांचे हात दोन वर्षं खिशातच असत. त्यांनी ते बाहेर काढले आणि त्या माणसापुढे धरले. हात थरथरत होते.

"इथेच केलं, आम्ही दोघांनी," ते म्हणाले. "ही विकायची नाही. तुमची घेऊन या."

"कधी आणू?"

उस्तादांनी बाईंकडे पाहिलं.

"मंगळवारी आणा," बाई म्हणाल्या. "सोमवारी माझा वर्ग असतो."