स्पीकर बंद असताना

मी लातूरला अप्पांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांच्या आई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऊन चांगलंच चढलं होतं, तरी त्या आत यायला तयार नव्हत्या. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. नातसून संगीता पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"अव्वा, मशीन बंद हाय आता. चला आत."

"मी न्हाई येत. तूच लेकराला घिऊन बाहेर ये."

मी नांदेडच्या एका ऑडिओ शोरूममध्ये काम करतो. लोकांच्या घरी म्युझिक सिस्टीम बसवायची, जुळवायची, अडली तर बघायची. महादेवअप्पांची लातुरात डाळमिल आहे. आता मिल मुलगा बघतो आणि अप्पा गाणं ऐकतात. त्यांनी हैदराबादच्या एका प्रदर्शनातून ओम्नी स्पीकर आणले होते, अ‍ॅम्प्लिफायर दुसरीकडून घेतला होता आणि दोन्ही स्वतःच जोडलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर मधेच बंद पडतो, एवढीच तक्रार आमच्याकडे आली होती. अव्वांबद्दल फोनवर कुणी काही बोललं नव्हतं.

ओम्नी स्पीकर म्हणजे चारी बाजूंना आवाज फेकणारा स्पीकर. साधा स्पीकर समोर तोंड करून वाजतो. याचा पडदा वर आभाळाकडे असतो, त्याच्यावर एक उलटा शंकू असतो आणि आवाज त्याला आपटून सगळीकडे पसरतो. मोठ्या हॉलमध्ये, भिंतींपासून सुटा ठेवला, तर गवई मधोमध बसलाय असं वाटतं. पण त्याला भिंती लांब लागतात.

अप्पांनी ते मागच्या खोलीत ठेवले होते, अगदी दोन कोपऱ्यांत. खोली एवढीशी. पलीकडे स्वयंपाकघर, मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीला स्टीलच्या भांड्यांची मांडणी.

अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला. ठेववेना इतका तापला होता.

"खोली लहान म्हणून मशीन लहान घेतलं," अप्पा म्हणाले. "चुकलं का?"

"खोलीसाठी पुरेसं आहे, अप्पा. स्पीकरसाठी नाही. तुमचे स्पीकर चार ओहमचे आहेत, म्हणजे विजेला अडथळा कमी, आणि खालच्या सुरांना त्याहून खाली जातात. ओहम कमी झाला की ते करंट जास्त ओढतात. तुमच्या मिलमध्ये मोटार लहान आणि तिच्यावर लोड मोठा, तसं हे. तापून ट्रिप होणारच."

"आणि ती भांडी?"

भांड्यांचं मी विचारलंच नव्हतं. अप्पांनीच ते काढलं, आणि दाराकडे बघत आवाज खाली आणला. अव्वांचं माहेर औशाकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर गेलं. भाऊ, भावजय, त्यांची लेकरं, कुणी उरलं नाही. तेव्हापासून अव्वा दाराजवळ झोपतात. आता अप्पांनी गाणं लावलं की मांडणी वाजते आणि अव्वा पळतात. पहिल्यांदा त्यांनी संगीताच्या लेकराला झोळीतून उचललं आणि अनवाणी रस्त्यापर्यंत गेल्या.

"आता आम्ही सांगतो त्यांना, अव्वा, मशीन हाय ते," अप्पा म्हणाले. "आम्हाला सवय झाली. त्यांना होईना."

मी टेस्ट टोन लावला. हा एकच सूर असतो, खालून हळूहळू वर चढत जातो. खोली कुठल्या सुराला कशी वागते ते त्यावरून कळतं. एका खालच्या सुरावर आवाज एकदम फुगला. खोलीची लांबी आणि त्या सुराची लाट जुळली की तो सूर खोलीतच साठत जातो. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरने तर आणखीच. भिंत घुमायला लागली आणि पलीकडे ताटं, वाट्या, पेले सगळं खणखणलं. टोन माझाच होता, तरी मी छताकडे बघितलं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तेवढ्यात टक् करून अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. मी मागचा स्विचही बंद केला आणि वायर सॉकेटमधून उपटून ठेवली. थंड होईपर्यंत पुढचं काही करता येणार नव्हतं. संगीताने चहा आणून दिला आणि ती परत ओट्याशी गेली. मी अप्पांना मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल सांगत होतो.

मांडणी वाजायला लागली.

आधी एक पेला, मग सगळंच. अप्पांनी कप तोंडाला लावला. पलीकडून संगीता म्हणाली, "सलीमभाई, जरा कमी करा की. लेकरू झोपलंय."

"करतो," मी म्हणालो, आणि हात व्हॉल्यूमकडे गेला.

बाहेरून अव्वांचा आवाज आला. "बाहेर निघा. सगळे बाहेर निघा."

"अव्वा, मशीन हाय ते," अप्पा बसूनच म्हणाले.

माझी बोटं बटणावर होती आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागलेला नव्हता. वायर माझ्या पायाशी पडली होती. तरीही खात्री पटेना. मी स्पीकरच्या पडद्यावर तळवा ठेवला. पडदा गप्प होता. पायाखालची फरशी मात्र हलत होती.

"अप्पा, मशीन बंद आहे," मी म्हणालो. "हे माझं नाही."

त्यांना पटकन उमगलंच नाही. मी दंड धरून त्यांना उठवलं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ओरडलो, "ताई, लेकरू घ्या, भूकंप आहे." संगीताने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी थट्टा करतोय. मग तिची नजर छताच्या कडीला टांगलेल्या झोळीकडे गेली. झोका कुणी दिला नव्हता आणि झोळी हलत होती. तिने लेकराला छातीशी धरलं आणि पळाली.

अंगणात आलो तोवर सगळं थांबलं होतं. धक्का लहानच होता. भिंती उभ्या होत्या, एक कपसुद्धा फुटला नव्हता. पण गल्लीत बघितलं तर प्रत्येक घरातली माणसं आधीच रस्त्यावर उभी होती. सगळ्यात शेवटी बाहेर आलेलं घर आमचं होतं.

संगीता जोत्यावर बसली. अव्वांनी लेकरू घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"भाई, मला घराचा आवाज ओळखू येत व्हता," त्या म्हणाल्या. "तुमचं ते आलं आन् खरा कोन्ता, खोटा कोन्ता कळंना झालं. म्हनून मी बाहेर बसती."

माझाही हात, एवढ्या वर्षांच्या सवयीनंतर, आधी व्हॉल्यूमकडेच गेला होता.

बिडवई सरांचा, म्हणजे आमच्या मालकांचा, नांदेडहून फोन आला. "सलीम, इकडे बी जाणवलं. ठीक हायस ना?"

"ठीक आहे, सर."

"सामान?"

"सामान बी ठीक आहे. पण ते या खोलीत राहणार नाही."

अप्पांना तर स्पीकर घरातूनच काढायचे होते. तेव्हा अव्वाच म्हणाल्या, "काढू नगंस. गानं बंद झालं की तू घरात चिडचिड करतोस. माजी भांडी तेवढी वाजू दिऊ नगा."

शोरूममधून दुपारच्या बसने दुसरा अ‍ॅम्प्लिफायर मागवून घेतला, चार ओहमचा आणि त्याखालचाही भार पेलणारा. स्पीकर पुढच्या बैठकीत आणले, भिंतींपासून चांगले ओढून मोकळ्यात ठेवले. ती खोली मोठी आहे आणि स्वयंपाकघराची भिंत तिला लागत नाही. तरी खालचे सूर भिंतींतून पोचतातच, म्हणून मी लो-कट लावला. लो-कट म्हणजे एका मर्यादेखालचे सूर स्पीकरपर्यंत जाऊच द्यायचे नाहीत. ती मर्यादा एरवी मी मीटर बघून ठरवतो. या वेळी अव्वांना विचारून ठरवली. त्या मांडणीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मी बैठकीत टोन लावला. संगीता मधल्या दारात उभी राहून अव्वांचं मला सांगत होती.

"पेला वाजतोय, म्हणतायत."

मी मर्यादा वर सरकवली.

"अजून."

आणखी सरकवली.

"आता न्हाई, म्हणतायत."

मग अप्पांनी गाणं लावलं. पखवाज पूर्वीइतका भरला नव्हता. तो फरक त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला, पण गाणं त्यांनी चालूच ठेवलं. अव्वा उंबऱ्यापर्यंत आल्या, गाणं संपेपर्यंत तिथेच थांबल्या, आणि मग आत गेल्या. लेकरू मात्र त्यांनी स्वतःजवळच ठेवलं.

त्या रात्री परतीच्या बसमध्ये खिडकीची काच खडखडत होती. दर खड्ड्याला मी सीटचा दांडा घट्ट धरत होतो.

आता कुठल्याही घरी गेलो की खोली मोजतो, ओहम बघतो, अ‍ॅम्प्लिफायर जुळवतो, ते सगळं नेहमीचंच. मग सिस्टीम बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो आणि घरातल्या बाईंना विचारतो, इथं काय काय वाजतं. गिऱ्हाईक म्हणतं, सलीमभाई, स्पीकर पुढे आहेत, तुम्ही इकडे काय ऐकून राहिलाव. मी म्हणतो, हे पण कामातच येतं. जास्तीचे पैसे नाहीत त्याचे.