कूलरपुढचा बोर्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि नातीला तर मुळीच नाही. ती अजून कॉलेजात सांगत फिरते, माझी आजी जगभरातल्या लोकांच्या चुका पकडते म्हणून.

मूर्खपणापासून सुरुवात करते, तो सांगायला सोपा. मी कॉम्प्युटरचा एक बोर्ड कूलरपुढे ठेवला होता. उघडाच! पुसदचा मे महिना, अंगाची लाही — मला गार लागतं तर त्यालाही लागू दे. डोक्यावर ओला पंचा नाही घातला, एवढंच नशीब. आणि हे करणारी कोण? पॉलिटेक्निकात जन्मभर कॉम्प्युटर शिकवलेली, नुकतीच निवृत्त झालेली, अतिशहाणी बाई. आज भेटली तर कान पिळीन तिचा.

तो बोर्ड नुसता शोभेचा नव्हता. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा — दिसत कधी नाही, पण त्याच्यावाचून काही हलत नाही. जगभरची माणसं तो मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. कुणी बदल सुचवला की आमच्या गटाची सामायिक यंत्रणा तो कर्नलमध्ये जोडून तयार करायची आणि आमच्यासारख्यांच्या घरच्या बोर्डांवर चालवून बघायची. बोर्ड सुरू झाला तर हिरवी खूण, अडला तर लाल. आणि मी? मी त्या गटातली खाष्ट सासू. कुणाच्या मशीननं खोटी लाल खूण दिली की चारचौघांत झापायची — आधी आपलं घर झाडा!

सपना माझी विद्यार्थिनी. आर्णीजवळच्या तांड्यावरची, घरात बंजाऱ्यांची गोरबोली, आईला ‘याडी’ म्हणणारी, माझ्याशी वऱ्हाडी, आणि वर्गात प्रश्न विचारून जीव खाणारी. या नादाला तिला मीच लावलं. तिचा पहिलाच बदल होता — लाइट जाऊन आली की स्वस्तातले बोर्ड अर्ध्यात अडकतात, ते नीट उठावेत, एवढाच. तो घेतला गेला असता तर कर्नलमध्ये तिचं नाव लागलं असतं, आणि त्या नावावर ती पुण्यात नोकरी मागणार होती. घरच्यांनी उन्हाळ्यापुरती मुदत दिली होती. मग लग्न.

सगळीकडे हिरवं आलं. माझ्या बोर्डावर लाल. पण माझ्या मशीनचा शब्द म्हणजे शब्द — तिचा बदल बाजूला ठेवला गेला. आधी चूक शोधा, गटातले म्हणाले.

काही दिवसांनी कूलरमध्ये पाणी भरताना माझं लक्ष गेलं. बोर्डावर पांढरट थर — आमच्या बोअरचं खारं पाणी, कूलरनं उडवलेलं. बोर्डातलं मेमरी कार्ड काढून त्याची टोकं नातीच्या खोडरबरानं पुसली. मग — इथे थांबावंसं वाटतं — मग मी गटाकडे निकाल पाठवणं बंद केलं आणि सपनाचा बदल गुपचूप पुन्हा चालवून पाहिला. बोर्ड उठला. वीज काढली, लावली. पुन्हा उठला. काय सुरेख उठला!

एक ओळ लिहायची होती: दोष माझ्या मशीनचा. पण ज्यांना ज्यांना मी झापलं होतं ते सगळे ती वाचणार होते. मी बोर्ड आतल्या खोलीत नेला आणि गप्प बसले.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, सगळं पाहून राह्यली मी, काहीच समजून नाही राह्यलं. तुमच्या मशीनले तं काही झालं नसन ना?"

तिनं विचारलं होतं हो. सरळ विचारलं होतं.

"माझ्या मशीनला?" मी हसले. "अगं, चूक आधी आपल्यात शोधावी."

शोधली तिनं. जी नव्हतीच ती चूक पोरगी उन्हाळाभर शोधत राहिली. मुदत संपली, लग्न झालं. आता वणीला कोळशाच्या ट्रकवाल्याकडे पावत्या फाडते. पुढे दुसऱ्या कुणी तसाच बदल पाठवला, माझ्या बोर्डानं हिरवी खूण दिली, आणि तो कर्नलमध्ये गेला — त्याच्या नावानं. सपनानं तोवर ते सगळं वाचणं सोडलं होतं. मी वाचत होते. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोलले.

निवृत्ती नवी होती, मान टिकवायचा होता — अशी कारणं स्वतःला सांगून पाहिली. एकही गळ्याखाली उतरलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आर्णीला एका लग्नात ती भेटली. कडेवर लेकरू. वाकून पाया पडली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मॅडम, बरं झालं तेव्हा तुमच्या मशीननं धरलं. नाहीतर माह्या चुकीनं लोकायच्या किती मशीनी बंद पडल्या असत्या! मी याडीले तेव्हाच सांगतलं — मॅडमनं इज्जत वाचवली माही."