धाकट्याचा हात लागलेला फ्रिज

थंडोबा हे नाव त्याला कुणी आणि कधी ठेवलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. उभा जन्म फ्रिज दुरुस्त करण्यात गेला म्हणून थंडोबा, एवढंच. बाकी माणूस महातापट. गिऱ्हाइकाने फ्रिजचं दार जरा जोरात लावलं तरी हा खेकसायचा. घरातल्या साध्या फ्रिजला तो हात लावत नसे. त्याचं काम मोटारहोमचं, म्हणजे ज्या गाडीत पलंग, शेगडी, न्हाणी सगळं असतं आणि माणसं आख्खं घर घेऊनच फिरायला निघतात, तिच्यातल्या फ्रिजचं. हे फ्रिज गॅसवर चालतात. मागे नळ्यांचं जाळं, खाली छोटीशी ज्योत, आणि नळ्यांमधलं अमोनियाचं पाणी आपल्याच वजनाने खाली वाहत राहतं. घरघर नाही, खडखड नाही. ‘मुका प्राणी आहे, जपून वागवा,’ असं तो गिऱ्हाइकांना दरडावून सांगायचा.

शहरात हे काम करणारे दोघंच. एक हा, आणि दुसरा पुलापलीकडे दुकान थाटलेला ह्याचा सख्खा धाकटा भाऊ. स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा इथपासून धाकट्याला ह्यानेच शिकवलं होतं. ह्याच पत्र्याच्या शेडमध्ये दोघं एका बाकावर बसून डबा खायचे. मग धाकट्याने वेगळं दुकान काढलं आणि बघता बघता लोक म्हणायला लागले, “पुलापलीकडचे ना? फार गोड माणूस!” धाकटा म्हणे गिऱ्हाइकाला चहा पाजतो. धाकटा म्हणे काम झाल्यावर गाडीतला केरसुद्धा काढून देतो. पुढे आईही तिकडेच राहायला गेली. का, तर तिकडच्या खिडकीत ऊन चांगलं येतं. ऊन! ह्याच्या घराकडे काय सूर्य पाठ फिरवून बसला होता? चारचौघांत तो म्हणायचा, “बरं चाललंय त्याचं, आनंद आहे,” आणि घरी येऊन भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बायकोवर घसरायचा.

तरी एक समाधान होतं. जुनी गिऱ्हाइकं त्याची होती. त्यातही बँकवाले काका आणि काकू तर अगदी हक्काचे. काका बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनी मोटारहोम घेतलं, आणि त्यातला फ्रिज थंडोबानेच बसवला होता. ती दोघं एका सकाळी गाडी घेऊन शेडसमोर हजर झाली.

“फ्रिज थंडच होत नाही हो,” काकू म्हणाल्या. “दुधाचं दही होतंय आणि दह्याचं काय होतंय ते विचारू नका.”

“गाडी कुठे लावता?”

“नवीन घर घेतलंय ना, त्याच्या दारात. जरा चढावर आहे, पण सावली छान आहे.”

थंडोबाच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. चढावर गाडी तिरकी, गाडी तिरकी म्हणजे फ्रिज तिरका, आणि फ्रिज तिरका असला की नळ्यांतलं पाणी वाहायचं थांबतं. दोष फ्रिजमध्ये नव्हताच. गाडी सपाट जागी लावा, एवढं सांगितलं की झालं काम. सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं, पण फ्रिज आलाच आहे तर ज्योत साफ करून देऊ म्हणून त्याने आधी गाडीच्या बाहेरची जाळी काढली.

आतल्या वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं.

जगात सगळे लोक वायरींना प्लास्टिकच्या पट्ट्या लावतात. खुद्द थंडोबाही आता पट्ट्याच लावायचा. मेणाचा दोरा वापरायची खोड दोघांनाच होती, आणि त्यातला एक तर इथे उभा होता. ज्योतीची नळी नवी होती. धुराची वाट आतून लख्ख होती. काम असं की बोट ठेवायला जागा नाही, आणि त्याने ती बराच वेळ शोधली.

“मधे कुणाला दाखवला होता का?” त्याने मान न वळवता विचारलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी गाडीच्या चाकाकडे पाहिलं. “छे हो,” काका म्हणाले. “कुणाला दाखवणार?”

तळपायाची आग मस्तकात गेली. नुसतं गेले असते तर एक वेळ चाललं असतं, पण वर लपवतात! कधी गेले असतील? चहा प्यायले असतील का? प्यायलेच असतील. काकू म्हणाल्याही असतील, ‘अगबाई, किती छान चहा.’ फ्रिज त्याने बसवलेला, गिऱ्हाईक त्याचं, आणि त्याच्या मागे त्याच्याच फ्रिजच्या पाठीत धाकट्याने हात घालून ठेवला होता.

“गेला,” थंडोबा म्हणाला.

“कोण?” काका दचकले.

“फ्रिज. खलास झालाय. बदलावा लागेल.”

काकूंचा चेहरा पडला. दोघं बाजूला जाऊन कुजबुजली आणि शेवटी हो म्हणाली. थंडोबाने गोदामातून नवा फ्रिज काढला, त्याच जातीचा, त्याच मापाचा. मग जुना उपसायला घेतला. गॅस बंद केला, जोडणी सोडवली, स्क्रू काढले, फ्रिजचं दार उतरवलं, गाडीचंही दार बिजागरीतून काढलं. काका एका बाजूने धरायला आले आणि दुसऱ्याच मिनिटाला आपलंच बोट चेंगरून घेऊन बसले.

फ्रिज कोनाड्यातून पुढे सरकला तेव्हा मागची बाजू दिसली. गरम हवा आत शिरू नये म्हणून तिथे चारी कडांना चांदीसारखी चकचकीत पट्टी लावायची असते. फ्रिज बसला की ती जागा कुणालाच दिसत नाही, म्हणून थंडोबाने ते काम केव्हाच सोडून दिलं होतं. धाकट्याने ते केलं होतं. कोपरे सुद्धा दुमडून, एक सुरकुती नाही. हेही त्याला थंडोबानेच शिकवलं होतं, कान धरून. आता त्या पट्टीकडे बघताना त्याला इतका मत्सर वाटला की क्षणभर हातातलं वजन विसरायला झालं. मग त्याने चाकूने ती पट्टी खरवडून काढली. सगळी. एक तुकडा राहिला होता, तोही नखाने काढला.

नवा फ्रिज बसला, साबणाचा फेस लावून गॅस कुठे गळत नाही ना ते पाहून झालं. काकू खूश झाल्या. सपाट जागी लावा, हे सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं तर काकू विचारणारच, मग जुन्याचंही तसंच नव्हतं ना? तो हत्यारं गोळा करत राहिला. गाडी कोपऱ्यावरून वळली.

संध्याकाळी त्याने जुना फ्रिज शेडमध्ये उभा करून गॅसला जोडला. कशाला, ते त्यालाच माहीत. बहुधा कुठेतरी धाकट्याची चूक सापडेल ही आशा. दुसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन आली आणि तिने सहज दार उघडलं. आत पांढराशुभ्र बर्फ जमला होता.

“हा तर मस्त चालतोय! भंगारात काढला म्हणालात ना?”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

तिने वाकून मागे पाहिलं. तिला फ्रिजमधलं काही कळत नव्हतं, पण मेणाचा दोरा ओळखीचा होता. ती ह्या घरात आली तेव्हा दोघे भाऊ तो एकाच रिळातून तोडायचे. “अस्सं,” ती म्हणाली. “भाऊजींनी चांगलं काम केलंय, एवढं एकदा तोंडाने म्हणा की. जीभ झिजणार आहे का?” डबा तसाच परत गेला.

आठवडा गेला आणि काका-काकू पुन्हा दारात. ह्या वेळी काकूंच्या हातात दुधाची पिशवी होती, फुगलेली.

“नवा पण होत नाही हो थंड.” काकू आता लपवालपवीच्या पलीकडे गेल्या होत्या. “खरं सांगते, इथे यायच्या आधी आम्ही पुलापलीकडे गेलो होतो. मागच्या वर्षी पण जुना त्यांच्याकडूनच करून घेतला होता. तुम्ही ओरडता हो फार, भीती वाटते. पण ह्या वेळी त्यांनी जाळी सुद्धा उघडली नाही. म्हणाले, दादाने बसवलाय ना, मग तो चुकलेला असणार नाही. त्याच्याकडेच जा, तो बरोबर सांगेल.”

थंडोबा गाडीला टेकून उभा राहिला. धाकट्याला कळलं नसेल? चढावरचं घर म्हटल्याबरोबर कळलं असेल. सगळंच कळलं असेल. त्याने शिव्या घातल्या असत्या, चार लोकांत हसला असता, तर थंडोबाला सोसलं असतं. हा चांगुलपणा मात्र सोसवेना. इथेही तोच वरचढ!

“गाडी तिरकी असते तुमची,” तो शेवटी म्हणाला. “सपाट जागी लावा. होईल थंड.”

“एवढंच?” काकांनी विचारलं.

“एवढंच.”

मग काकूंनी तो प्रश्न विचारलाच. “म्हणजे जुन्यालाही तेवढंच झालं होतं?”

खोटं बोलायला जागा होती. नळ्या कुजल्या होत्या, गॅस गळत होता, काहीही सांगता आलं असतं आणि काकूंनी ते मानलंही असतं.

“जुना चांगला होता,” थंडोबा म्हणाला. “त्याने काम फार चांगलं केलं होतं. मला बघवलं नाही.”

डबा घेऊन आलेली त्याची बायको शेडच्या दारापर्यंत येऊन थांबली होती.

“नव्याचे पैसे परत देतो. जुना आत्ता बसवून देतो, ह्याच जागी.”

“नको,” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. “नवा काढून घ्या. जुना नुसता गाडीत ठेवा. आम्ही पुलापलीकडे बसवून घेऊ.”

त्याने नवा काढला. जुना स्वतः उचलून आत नेला, दोन्ही बाजूंना घोंगड्या लावून दोरीने पक्का बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. काकांनी गाडी सुरू केली. थंडोबा खिडकीपाशी गेला.

“काकू, त्याला सांगा...”

“काय सांगू?”

त्याने आत बांधून ठेवलेल्या फ्रिजकडे एकदा पाहिलं.

“सांगा, उतरवताना फ्रिज उभाच धर. आडवा करू नको.”

“ते त्यांना माहीत असेल हो,” काकू म्हणाल्या.