स्यो म्हणजे खा

नाही बायांनो, थुकली नाही मी. गिळली.

आज आमच्या सौंसरच्या बगीच्यात फिनलंडची एक बाई संत्री पाहाले आली. तोडकीमोडकी हिंदी बोलते. जेवाले बसवलं अन् विचारलं, "तुमच्यात 'खा' कसं म्हणते व?"

"स्यो," म्हणे.

मंग काय, ते हातानं ताट झाकून राहिली, अन् मी "स्यो, स्यो" करत भाकरीवर भाकर वाढून राहिली.

जाताना तिनं पर्समधून तिच्या देशची खायची काळी गोळी काढली. हसून म्हणे, "अब तुम. स्यो."

छी व माय. कल्हईवाल्याचा नवसागर चाटल्यासारखं झालं. खारट, उग्र.

तरी गिळली. आमचे हे वारल्यापासून मले कोणी आग्रहानं 'खा' म्हणलंच नव्हतं.